मुक्ताबाईच्या जबड्यातल्या दोन खुंट्या

मुक्ताबाई रोज ऐंशी भाकऱ्या थापायची आणि त्यांतली एकही तिला खाता यायची नाही. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण सगळे येता-जाता वापरतो. पण ती रोज ऐंशी वेळा एखाद्या बाईच्या तव्यावर भाजली जात असेल, हे काही आपल्या ध्यानात येत नाही.

ही सत्त्याण्णव सालातली गोष्ट. मुक्ताबाई मूळची खटाव तालुक्यातली. नवरा मानसिंग वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, म्हणजे पाठीवर गोणी वाहणारा. दोघं कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहत. मानसिंगच्या टोळीत सोळा माणसं, सगळी साताऱ्याकडची, बाकी सगळ्यांची बायका-पोरं गावाला. हॉटेलातला पाव खाऊन गोणी उचलत नाही, हे मुक्ताबाईचं ठाम मत. म्हणून त्या सोळा जणांच्या दोन वेळच्या भाकऱ्या तिनं आपणहून स्वतःच्या अंगावर घेतल्या. पहाटे चारला स्टो पेटायचा आणि आठला टोपली मार्केटच्या वाटेला लागायची.

तिचे दात पंचेचाळिशीपासून हलायला लागले आणि पन्नाशीच्या आत एकेक करून गेले. वरची कवळी छान बसली. खालची मात्र कधी बसलीच नाही. खालच्या जबड्याचं हाड झिजून सपाट झालेलं, त्याच्यावर कवळी धरणार कुठं? बोलताना उचकटायची, घास चावताना सरकायची आणि हिरडीला असा चिमटा काढायची की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. शेवटी ती कवळी वाटीतल्या पाण्यात राहू लागली आणि मुक्ताबाई आमटीत कुस्करलेल्या काल्यावर. तेसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडं तोंड करून. लग्नाकार्यात पंगतीला बसायची वेळ आली की म्हणायची, ‘आज उपास हाय माझा.’ आठवड्याचे सातही वार तिचे उपास निघायचे. बायका समजायच्या आणि गप्प बसायच्या. पंगतीत बसून चारचौघांसारखी एक भाकरी चावून खावी, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही तिनं आयुष्यात कुणाकडं मागितलेलं नव्हतं.

मानसिंग बोलायला कमी. पण बायकोचे गाल आत गेलेले त्याला दिसत होते आणि लुगड्याच्या निऱ्या दरवर्षी वाढलेल्याही दिसत होत्या. मार्केटात कुणीतरी त्याला सांगितलं की वाशीत एक डॉक्टरीणबाई जबड्यात स्क्रू बसवून त्याच्यावर कवळी अडकवतात. दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन गेला. पैशाचं कसं करायचं ते त्यानं आपल्यापाशी ठरवलं आणि घरात तो विषय निघू दिला नाही.

डॉक्टर शर्मिला तिशीच्या आतबाहेरच्या असतील. त्यांच्या हाताखाली बयाबाई म्हणून एक बाई होती. माणगावकडची, बौद्ध, तळवलीत खोली घेऊन राहणारी. हत्यारं उकळायची, दिवा धरायची, घाबरलेल्या पेशंटचा हात धरायची. दवाखाना खरं म्हणजे तीच चालवते, असं पहिल्या पाच मिनिटांत मुक्ताबाईच्या लक्षात आलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी जबड्याचा मोठा एक्स-रे काढायला लावला, साखर तपासून आणायला लावली. मग दोघांना समोर बसवून सांगितलं, ‘हे बघा मावशी, खाली पुढच्या बाजूला हाड चांगलं आहे. तिथं दोन स्क्रू बसवता येतील. पण स्क्रू बसला म्हणजे दात आला असं नाही. हाडानं त्याला धरायला लागतं. भिंतीत खुंटी ठोकल्यावर सिमेंट सुकेपर्यंत आपण तिला काही अडकवत नाही, तसं. चार महिने थांबावं लागेल. घाई केलीत तर सगळं फुकट जाईल.’

‘आन धरलंच न्हाई हाडानं?’ मुक्ताबाईनं विचारलं.

‘तर काढून टाकावा लागतो. तसंही होतं कधी कधी. आणि बसला तरी रोज साफ करावा लागतो, जन्मभर. धातूला कीड लागत नाही म्हणून लोक निवांत राहतात, पण भोवतालची हिरडी सडते आणि मग स्क्रूही जातो.’

मानसिंगनं तोवर तोंड उघडलं नव्हतं. आता त्यानं विचारलं, ‘बाई, तुमी आजवर किती जनांना बसवलं?’

‘चौदा जणांना. त्यातल्या दोघांचे निघाले.’

घरी येताना बसमध्ये तो मुक्ताबाईला म्हणाला, ‘निघालेलं दोन जी बाई न इचारता सांगती, ती बाकीचं बारा खरंच सांगत असनार. हितंच करायचं.’ पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाला कुणाच्या खांद्यावर काय द्यावं ते बरोबर कळतं.

ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं ओढून प्रश्न विचारले. रक्तदाब? नाही. साखर तर तपासलेलीच. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या? नाही. तंबाखू खाता?

मुक्ताबाईचा चेहरा एकदम बदलला. ‘तंबाखू? बायामानसाला असं इचारत्यात व्हय? आमच्या घरात कुनी बाई तंबाखू खात न्हाई.’

डॉक्टरीणबाईंनी ‘नाही’वर खूण केली आणि उलट माफी मागितली.

आता खरी हकिकत ऐका. मुक्ताबाई वयाच्या चौदाव्या वर्षापासून मिश्री लावायची. सकाळी भाकऱ्यांचं काम उरकलं की आणि संध्याकाळी एकदा, उंबऱ्यात बसून, शेजारच्या सुंदराबाईच्या जोडीनं. डबीतली काळी पूड तर्जनीवर घ्यायची आणि अर्धा अर्धा तास हिरड्यांवर फिरवायची. साताऱ्याकडच्या हजारो बाया हे करतात आणि त्यांतल्या कुणालाही हे व्यसन वाटत नाही. दात घासणं ते, त्यात व्यसन कसलं? बरं, मिश्री काही ती आयती विकत आणत नव्हती. तंबाखूची पानं एका जुन्या तव्यावर काळी होईस्तोवर स्वतः भाजायची आणि आख्ख्या ओळीला ठसका लागायचा. तरी डॉक्टरीणबाईंना दिलेलं उत्तर तिच्या मनात शंभर टक्के खरं होतं. ती खोटं बोलली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

स्क्रू बसवताना भूल दिली होती, दुखलं नाही. पण जबड्यात गिरमिट फिरल्याचा आवाज थेट मेंदूत जायचा. बयाबाईनं सबंध वेळ तिचा हात सोडला नाही. निघताना बाईंनी बजावलं, ‘दोन आठवडे कवळी लावायची नाही. गरम नको. कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरायच्या, जेवणाशिवाय तोंडात दुसरं काहीही घालायचं नाही.’

मुक्ताबाईनं सगळं पाळलं. पाळलं म्हणजे, तिच्या समजुतीप्रमाणं पाळलं. चौथ्या दिवशी हिरडी ठणकायला लागली तेव्हा सुंदराबाई म्हणाली, ‘अगं, हिरडी घट नको व्हायला? जरा मिश्री दाबून धर.’ मुक्ताबाईला ते पटलं. आईनं हेच सांगितलेलं, आईच्या आईनंही. मग दोनदाची मिश्री चारदा झाली, आणि तीही टाक्यांवर, बोटानं नीट दाबून. खुंटी लवकर धरावी म्हणून.

सहाव्या आठवड्यात उजवी खुंटी हलायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांत धरून ती अलगद बाहेर काढली. काहीच जोर लागला नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं. डावीही त्यांनी तपासली. ती अजून उभी होती, पण तिच्या भोवतीची हिरडी लाल होती. बाई हातमोजे काढून समोर येऊन बसल्या.

‘मावशी, माझंच काहीतरी चुकलं असणार. ड्रिल जास्त तापलं असेल, हाड भाजलं असेल. मी पुन्हा पुन्हा तेच आठवून बघतेय. डावा राहिला तर बघू, पण तुम्हाला मी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठी देते. आणि मी काही दिवस हे काम बंद ठेवते. तुमचा त्रास वाया गेला, मला माफ करा.’

एवढी शिकलेली बाई आपल्यापुढं मान खाली घालून बसलेली मुक्ताबाईला बघवेना. ती उठून बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. बयाबाई तिच्या मागोमाग आली.

‘एक इचारू का, रागावू नका,’ बयाबाई म्हणाली. ‘तुमी मिश्री लावता का?’

‘लावती की. दातांसाठीच तर लावायची.’

‘बाईंना सांगितलंत?’

‘त्यांनी कुठं इचारलं? त्यांनी तंबाखूचं इचारलं.’

बयाबाईनं कपाळावर हात मारला. ‘आवो, मिश्री म्हंजे तंबाखूच हाय.’

‘ती भाजलेली असती,’ मुक्ताबाई म्हणाली. ‘भाजल्यावर तंबाखू ऱ्हाती व्हय? तांदूळ शिजला की भात झाला. भाताला कुनी तांदूळ म्हनतं का?’

‘नाय म्हनत. पन भात खाल्ला तरी पोटात तांदूळच जातो ना?’ बयाबाई तिच्याशेजारी बसली. ‘माझी आय लावायची मिश्री. तिच्या हिरडीला अशीच काळी रेघ होती. मी आज दिवा धरला तवा बघितली तुमची. बाई म्हनतात तंबाखूनं हिरडीचं रक्त आटतं, जखम भरतच नाय. आन तुमी ती टाक्यांवर दाबलीत?’

मुक्ताबाईची अक्षरशः दातखीळ बसली. तिला दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. खुंटी कुणामुळं निघाली ते, आणि आतल्या खोलीत एक पोरगी आपला दोष नसताना स्वतःला दोष देत बसली आहे ते. ‘तुमी सांगू नका त्यास्नी,’ ती बयाबाईला म्हणाली. ‘मी सांगीन.’ म्हणाली खरी, पण आत जायचा धीर झाला नाही आणि ती तशीच घरी आली.

त्या संध्याकाळी ती उंबऱ्यात बसली नाही. मनात येत होतं, गप्प राहिलं तर कुणाला कळणार आहे? चिठ्ठी घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेलं की झालं. शिवाय सांगितलं आणि बाई चिडल्या, म्हणाल्या, ऊठ आणि पुन्हा येऊ नकोस, तर पंगतीतली ती भाकरी जन्मात नशिबी येणार नाही. मानसिंगला तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘दुसऱ्याची गोनी आपल्या पाठीवर घ्यावी. पन आपली गोनी दुसऱ्याच्या पाठीवर ठिवून झोप लागत न्हाई, मुक्ता.’

दुसऱ्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा टोळीच्या भाकऱ्या उशिरा गेल्या. मुक्ताबाई दवाखाना उघडायच्या आधीच दारात जाऊन उभी होती. डॉक्टरीणबाई आल्या तशी तिनं डबी कमरेची काढून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. चौदाव्या वर्षापासूनचं, टाक्यांवर दाबलेलं, सगळं. ‘ड्रिल तापलं न्हवतं बाई. तुमच्या हातून काय बी चुकलेलं न्हाई. माझ्या बोटानं घात केला.’

बाई डबीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी कपाटातून मुक्ताबाईचा कागद काढला, ‘नाही’वरची खूण बघितली आणि एकदम हसायला लागल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरले. ‘मिश्री मला माहीत होती हो मावशी. पुस्तकात वाचली होती, परीक्षेतही लिहिली होती. समोर साताऱ्याची बाई बसली आणि विचारायचंच सुचलं नाही. तुम्ही उत्तर खरं दिलंत, मी प्रश्न अर्धा विचारला.’ त्यांनी पेन घेतलं आणि तंबाखूच्या खाली हातानं लिहिलं: मिश्री लावता का? हिरडीवर काही चोळता का? मग म्हणाल्या, ‘मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी राहू दे. पण माझी एक अट आहे. मिश्री आजपासून बंद. चार महिने बोट कोरडं राहिलं तरच मी दुसरा बसवीन. डावा स्क्रू वाचतो का तेही तेव्हाच कळेल.’

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि मुक्ताबाईचा सुंभ तर अजून जळलाही नव्हता. पहिले पंधरा दिवस तिचं डोकं फुटायला आलं. मानसिंगनं पाणी मागितलं तरी त्याला शिव्या बसायच्या. सुंदराबाई रुसली, आता कुणासंगं बसायचं म्हणून. सगळ्यात हाल बोटाचे. सकाळी काम उरकलं की ते आपलं आपणच तोंडाकडं जायचं. यावर तोड काढली ती बयाबाईनं. तिनं मऊ फडकं दिलं आणि सांगितलं, ‘बसा की उंबऱ्यात अर्धा तास, नाय कोन म्हनतं? फकस्त मिठाच्या पान्यात हे बुडवा आन त्यानं हिरड्या पुसा.’ बोटाला काम मिळालं आणि हळूहळू ते शहाणं झालं. दोन महिन्यांनी सुंदराबाईही फडकं मागायला आली, कारण गप्पांशिवाय तिला मिश्री गोड लागेना.

तपासणीला गेली की मुक्ताबाई बाकावर बसलेल्या बायांची चौकशी करायची. कुणाला काय झालंय, कुणाला काय बसवायचंय. मग सांगायची, ‘डॉक्टरला समदं सांगावं बाई. त्यांनी इचारलेलं सांगावं आन न इचारलेलं आदी सांगावं. लाज वाटती तेच पयलं सांगावं.’ डॉक्टरीणबाई आतून ऐकायच्या. एकदा त्या बयाबाईला म्हणाल्या की मी अर्धा तास जे समजावते ते या मावशी एका वाक्यात उरकतात.

चार महिन्यांनी उजवीकडं नवी खुंटी बसली. आणखी चार महिने गेले. अठ्ठ्याण्णवच्या आरंभाला, थंडीच्या दिवसांत, बाईंनी हिरडी उघडली आणि हातातल्या बारक्या दांड्यानं डावीवर ठोकलं. टण. मग श्वास रोखून उजवीवर ठोकलं. टण. दोन्ही खुंट्या हाडानं घट्ट धरल्या होत्या.

पुढं माप घेऊन नवी कवळी झाली. ती तोंडात ठेवून बाईंनी अंगठ्यानं दाबली आणि ती खुंट्यांवर टक्कन बसली. मुक्ताबाईनं जीभ फिरवली, बोलून बघितलं, खोकून बघितलं. कवळी तसूभर हलली नाही. ती खुर्चीतून उतरली आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरून हात फिरवून तिनं आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

‘पोरी, माजी चूक तू आपल्या अंगावर घेतलीस आन मी ती परत मागाय आली तरी मला हाकललं न्हाईस. माज्या आईनं दात दिलं, तू तोंड दिलंस. तुजं उपकार मी इसरनार न्हाई.’ मग तिनं पिशवीतून एक खण काढून बयाबाईच्या ओटीत घातला. ‘आन तू इचारलं नसतंस तर मी मिश्री लावतच मेली असती.’ खण बयाबाईनं लगेच पिशवीत ठेवला नाही, दिवसभर टेबलावर समोर ठेवला.

‘भाकरी कवा खाऊ?’ मुक्ताबाईनं निघताना विचारलं.

‘आठ दिवस मऊ खा. मग भाकरी, लहान घास, दोन्हीकडून चावून. रोज कवळी काढून खुंट्या साफ करायच्या. सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, दुखलं नाही तरी यायचं.’

तिनं आठच्या आठ दिवस पाळले, या वेळी कुणाच्याही समजुतीप्रमाणं पाळले असंच म्हणावं लागेल. नववा दिवस रविवार होता. मार्केट बंद. मानसिंगनं सगळ्या टोळीला घरी जेवायला बोलावलं. आत पाट मावेनात म्हणून पंगत दारापुढच्या मोकळ्या जागेत मांडली. मुक्ताबाई वाढायला उभी राहिली तर त्यानं तिच्या हातातली टोपली काढून घेतली, सुंदराबाईकडं दिली आणि म्हणाला, ‘आज तू बस.’

सोळा बाप्यांच्या ओळीत एकटी बाई. ती संकोचून बसली. समोर झुणका, ठेचा आणि तिच्याच हातची भाकरी. तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. सगळे ताटाकडं बघत असल्याचं दाखवत होते आणि तिच्याकडं बघत होते. ती चावत राहिली. मग थांबली. दुसरा तुकडा घेतला, चावला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

‘ही तर चिवट हाय,’ ती म्हणाली.

कुणी मान वर केली नाही.

पूर्वी ती पहिली भाकरी स्वतः खायची आणि त्या पिठाला पाणी किती हवं ते तिथं ठरवायची. दात गेले तसं ते ठरवणं गेलं. भाकरी फुगली म्हणजे झाली, एवढंच तिला तव्यावरून कळायचं.

‘आवं, चिवट हाय भाकरी,’ ती मानसिंगला म्हणाली. ‘कवापासनं?’

‘दोन-तीन वर्सं झाली असतील,’ मानसिंग म्हणाला.

‘आन एकानंबी सांगितलं न्हाई मला?’

मानसिंगनं ठेचा भाकरीला लावला आणि तसाच हातात धरला. ‘तुला खाता येत न्हवती,’ तो म्हणाला. ‘कुठल्या तोंडानं सांगायचं?’

मुक्ताबाईनं ओळीकडं बघितलं. हीच माणसं रोज पाच-पाच भाकऱ्या खायची आणि टोपली रिकामी परत यायची. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तरी तिनं पुढचा तुकडा मोडला. ती आख्खी चिवट भाकरी तिनं लहान लहान घासांनी, दोन्हीकडून चावून खाल्ली आणि तिला अर्धा तास लागला. बाकीच्यांची जेवणं केव्हाच झाली होती, हात वाळले होते. पण तिचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत पंगतीतून एकही माणूस उठला नाही.